मोडीत न निघालेले मणी

सोन्याचा दागिना सहसा फार काळ जुना राहत नाही. आजीच्या पाटल्या नातसुनेला जड वाटतात, सराफ त्या काट्यावर ठेवतो, घट वजा करतो, मोडीचा भाव सांगतो आणि पाटल्या मुशीत जातात. घडण, नक्षी, वापरून झिजलेली कड, सगळं एका आचेत संपतं. काचमण्याला मात्र मोडच नाही. वितळवून हाती दमडी येत नाही, म्हणून त्याला कुणी वितळवत नाही. तुटलेल्या सरातले मणी डब्यात पडतात, न खपलेले गोदामात पडतात, आणि तिथे पन्नास-शंभर वर्षं जसेच्या तसे राहतात.

असे जुने काचमणी आणि खडे जमवून हाताने नवे दागिने घडवणारे कारागीर आज जगभर आहेत. ‘व्हिंटेज’ या नावाखाली त्या दागिन्यांना बरा भाव येतो. गंमत अशी की हा माल बनला तेव्हा तो स्वस्तातला स्वस्त होता. तेव्हा विकला गेला असता तर वापरून, तुटून, हरवून केव्हाच संपला असता. कुठेतरी एखादा बाजार मोडला, म्हणून तो उरला. त्या मोडलेल्या बाजारांचा माग काढत गेलं की वाट बहुतेक वेळा उत्तर बोहेमियातल्या एका डोंगरी गावाशी येऊन थांबते. याब्लोनेत्स हे त्याचं चेक नाव. जर्मन भाषकांचं गाब्लोन्झ.

हा मुलूख यिझेरा डोंगरांचा. दाट जंगल, लांबलचक हिवाळा, शेतीला नापीक जमीन. सोळाव्या शतकापासून इथे काचेच्या भट्ट्या पेटल्या, त्या जंगलाच्या जोरावर. भट्टीला सरपण तिथलंच आणि काचेत घालायचा क्षारही लाकडाच्या राखेतूनच निघायचा. आसपासचं रान संपलं की भट्टी उचलून पुढच्या रानात न्यायची. मण्यांच्या धंद्यात तेव्हा दबदबा होता तो व्हेनिसचा. मुरानो बेटावरच्या कारागिरांनी आपली विद्या बाहेर फुटू नये म्हणून कडक बंधनं पाळली, तरी ती फुटलीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याब्लोनेत्सजवळच्या तुर्नोव्ह गावात काचेचे नकली खडे बनू लागले. हे गुपित तिथे फिशर नावाच्या भावांनी आणलं, असं परंपरा सांगते.

त्याच शतकात पॅरिसमध्ये गेओर्ग फ्रीडरिश स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने शिशाच्या काचेला हिऱ्यासारखे पैलू पाडून मागे धातूचा चकचकीत वर्ख बसवला. १७३४ मध्ये तो फ्रान्सच्या राजाचा जवाहिरा झाला आणि युरोपातल्या अनेक भाषांत नकली खड्याला त्याचंच नाव मिळालं. खड्याखाली डांक ठेवून चमक वाढवण्याची युक्ती आपल्याकडच्या जडावकाम करणाऱ्यांना नवी नव्हती. स्ट्रासची करामत काचेत होती: शिशामुळे काच जड झाली आणि प्रकाश अधिक वाकवू लागली.

याब्लोनेत्सने मात्र राजदरबाराच्या मागे न लागता उलटी वाट धरली. ज्यांना खरा हिरा कधीच परवडणार नव्हता, अशा कोट्यवधी बायकांचं गिऱ्हाईक त्यांनी पकडलं.

त्यासाठी जी पद्धत रुळली ती साधी आणि कष्टाची होती. मोठ्या भट्टीवाल्यांकडून रंगीत काचेच्या लांब कांड्या यायच्या. घराला लागून असलेल्या एका खोपटात छोटी भट्टी असे. कांडीचं टोक तिच्या तोंडात धरायचं, मधासारखं मऊ झालं की दुसऱ्या हातातल्या सांडशीत दाबायचं. सांडशीच्या दोन्ही जबड्यांना साच्याचा अर्धा-अर्धा भाग आणि मध्ये भोक पाडणारी सुई. एका दाबात मण्याला आकार, नक्षी आणि भोक मिळे. पुन्हा कांडी आगीत, पुन्हा दाब. दिवसभर हेच. दाबलेल्या मण्यांच्या कडेला काचेची पातळ झालर राहायची. ती तोडायची, मणी पिंपात फिरवून गुळगुळीत करायचे, काहींना चाकावर पैलू पाडायचे, काहींना रंग किंवा सोनेरी मुलामा द्यायचा. शेवटी ओवायचे. ओवणीचं काम बहुतेक बायका-मुलांकडे असे. मोजणी बाराच्या पटीत, बाराशे मण्यांचा एक ‘मास’. त्या भागात हे माप अजूनही चालतं.

एका मण्याच्या मागे अशी पाच-सहा घरं असत. कुणी फक्त दाबायचं, कुणी फक्त पैलू पाडायचं, कुणी फक्त साचे कोरायचं. पोलादात उलटी नक्षी कोरणारा साचेवाला या साखळीतला सर्वांत कसबी माणूस, आणि त्याचं नाव कुठल्याच दागिन्यावर नसे. गावातले निर्यातदार घरोघर कच्चा माल देत, तयार माल उचलत आणि परदेशी पाठवत. हिवाळ्यात शेत बर्फाखाली गेलं की सगळं कुटुंब भट्टीपाशी. १८६६ मध्ये याब्लोनेत्सला शहराचा दर्जा मिळाला तोवर त्याचं गिऱ्हाईक आफ्रिका, तुर्कस्तान, हिंदुस्थान आणि अमेरिकेपर्यंत पसरलं होतं.

निर्यातदाराचं खरं भांडवल म्हणजे नमुन्यांचे पुठ्ठे. जाड कागदावर शिवलेले मणी, शेजारी क्रमांक. कुठल्या बंदरात कुठला रंग खपतो, हे त्यांना पाठ असे, आणि नक्कल करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खंभातचे अकीक शतकानुशतकं आफ्रिकेत जात होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या दगडघाशांनी त्यांची नक्कल अकीकातच केली आणि याब्लोनेत्सने ती सरळ लाल काचेत उतरवली. सहारातल्या तुआरेग लोकांची त्रिकोणी लटकनं एके काळी अकीकाची असत, ती पुढे बोहेमियन काचेची झाली. आज संग्राहक अशी काचेची लटकनं ‘अस्सल आफ्रिकी’ म्हणून विकत घेतात. त्यांना कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. वापरणाऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या आपली मानली होती.

हिंदुस्थानात या गावाचा मोठा माल म्हणजे बांगड्या आणि मणी. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातून येणाऱ्या काचेच्या बांगड्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या बाजारपेठांत सर्रास मिळत. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर आणि कापडाबरोबर परदेशी काचही डोळ्यांत खुपू लागली, ती उगाच नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवून देशी उद्योग काढण्याची कल्पना गावोगाव नेली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. या कारखान्यात शिकून गेलेल्या माणसांनी पुढे देशात इतरत्र काचधंदा नेला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ऑस्ट्रियाचा माल शत्रूचा माल ठरला. ती जागा जपानने आणि फिरोजाबादच्या भट्ट्यांनी भरून काढली. यिझेरा डोंगरातल्या बांगडीवाल्यांसाठी हिंदुस्थानची वाट तेव्हा बंद झाली.

बाजार मोडण्याची ती पहिली वेळ नव्हती. १८८०च्या दशकात मण्यांचे भाव इतके कोसळले होते की घरी बसून मणी कापणाऱ्यांचं पोट भरेना. त्यात यंत्रं आली. जानेवारी १८९० मध्ये संतापलेल्या कामगारांनी कारखान्यांवर चाल करून मणी कापणाऱ्या यंत्रांची मोडतोड केली. मण्यांच्या संग्राहकांच्या सुबक पुस्तकांत या दंग्याला फारशी जागा मिळत नाही, पण त्या काळातला मणी हातात घेताना त्यामागची मजुरी किती तुटपुंजी होती हे ठाऊक असलेलं बरं.

यंत्राच्या बाजूनेही एक गोष्ट याच डोंगरात घडली. काचखड्यांना पैलू पाडणाऱ्या घरात १८६२ मध्ये जन्मलेल्या डानिएल स्वारोव्स्कीने विजेवर चालणारं पैलू पाडण्याचं यंत्र बनवलं आणि १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इथेच राहिलो तर शेजारी वर्षभरात नक्कल करतील, हे त्याला पुरतं माहीत होतं. तोही त्याच भागातला. १८९५ मध्ये त्याने बिऱ्हाड उचललं आणि ऑस्ट्रियाच्या तिरोल भागातलं वाटेन्स गाठलं. तिथे पाण्यापासून वीज मिळत होती आणि याब्लोनेत्स लांब होतं.

रंगांचा विषय निघाला की रीडेल घराण्याला टाळता येत नाही. योसेफ रीडेल (१८१६–१८९४) याला तर यिझेरा डोंगरांचा काचराजा म्हणत. या घराण्याने १८३०च्या दशकात काचेत युरेनियम मिसळून पिवळे आणि हिरवट असे दोन झगझगीत रंग काढले आणि त्यांना घरातल्या आन्ना नावाच्या मुलीचं नाव दिलं. हे युरेनियम बोहेमियातल्याच याखिमोवच्या खाणीतलं. तिथल्या कारखान्यात काच रंगवण्यासाठी युरेनियमचे क्षार काढत आणि उरलेला चोथा टाकून देत. पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम वेगळं काढण्यासाठी टनावारी मागवला तो हाच चोथा. म्हणजे एका अर्थी रेडियम मण्यांच्या रंगाचा जोडमाल! आज जुन्या मण्यांचे व्यापारी खिशात छोटा अतिनील दिवा बाळगतात. त्याच्या उजेडात युरेनियमचा मणी हिरवा पेटतो. दुसऱ्या महायुद्धात युरेनियमवर सरकारांची नजर गेली आणि काचवाल्यांच्या हाती ते येईनासं झालं. त्यामुळे असा मणी सापडला की त्याचं वय ठरवायला एक धागा मिळतो.

१९१८ मध्ये साम्राज्य फुटलं, याब्लोनेत्स नव्या चेकोस्लोव्हाकियात आलं आणि त्याची सर्वांत झळाळती वर्षं सुरू झाली. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली, तसं युरोप-अमेरिकेला इजिप्तचं वेड लागलं. माक्स आणि नोर्बर्ट नायगर या याब्लोनेत्सच्या भावांनी पितळी पट्ट्यांत काचेचे भुंगेरे आणि फॅरोंचे मुखवटे बसवून जे हार काढले, ते आज लिलावात बघायला मिळतात. हे भाऊ ज्यू होते. नाझी आल्यावर त्यांना गाव सोडावं लागलं आणि दोघेही छळछावणीत मारले गेले.

फॅशनच्या जगात नकली दागिन्याची लाज याच काळात गेली. पॅरिसमध्ये कोको शनेलने खऱ्या-खोट्याची सरमिसळ मुद्दाम करून मिरवली. तिच्यासाठी ग्रिपुआ घराण्याने तारेच्या चौकटीत रंगीत काच ओतून पानं-फुलं बनवली. न्यू यॉर्कमध्ये १९२६ मध्ये मिरियम हॅस्केलने मॅकॅल्पिन हॉटेलात दुकान मांडलं. तिचा मुख्य रचनाकार फ्रँक हेस पूर्वी मेसीज या मोठ्या दुकानाच्या काचेच्या खिडक्या सजवायचा.

हॅस्केलच्या दागिन्यावर जरा थांबायला हवं, कारण आज जुने मणी घेऊन काम करणारे बहुतेक कारागीर कळत-नकळत तिचीच रीत गिरवतात. पितळी जाळीची एक चकती घ्यायची. याब्लोनेत्सचे दाबीव मणी, मुरानोचे फुंकलेले मणी, नकली मोती आणि कटोरीत बसवलेले बारीक खडे केसाएवढ्या तारेने त्या जाळीच्या भोकांतून एकेक ओवून बांधायचे. सरस नाही, डाख नाही. मोठ्या मण्याभोवती लहान, त्यांच्या फटीत आणखी लहान, असं करत फूल उभं राहतं. मागे तारांचा गुंता दिसू नये म्हणून दुसरी जाळी बसवायची. मणी फुटला तर तेवढाच बदलता येतो, पण घाईने काही होत नाही. आपल्याकडच्या पटवेकऱ्याला हा प्रकार लगेच समजला असता. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा माल थांबला तेव्हा हॅस्केलच्या कारखान्याने शिंपले, लाकूड आणि प्लास्टिक वापरून वेळ निभावली. सुरुवातीच्या दागिन्यांवर नाव नाही. सही येते ती चाळिशीच्या दशकाच्या अखेरीपासून. त्यामुळे ‘सही नाही म्हणजे हॅस्केल नाही’ हा बाजारातला समज निव्वळ अज्ञान आहे.

याब्लोनेत्सचा बाजार सर्वांत भयंकर मोडला तो या झळाळत्या वर्षांनंतर. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा प्रदेश हिटलरच्या जर्मनीने गिळला. १९४५ मध्ये जर्मनी हरल्यावर इथल्या जर्मन भाषकांना हाकलण्यात आलं, आणि काचधंद्यातले बहुतेक लोक जर्मन भाषकच होते. काही निवडक कारागिरांना त्यांच्या हुन्नरामुळे थांबवून घेतलं. बाकीच्यांनी थोडंसं सामान घेऊन डोंगर सोडला. साचे, नमुने, अर्धवट माल, घरामागची भट्टी, सगळं मागे राहिलं.

गेलेल्यांपैकी पुष्कळ जण बव्हेरियातल्या काउफबॉयरेन शहराजवळ जमले. तिथल्या जंगलात युद्धकाळातला दारूगोळ्याचा कारखाना उद्ध्वस्त होऊन पडला होता. एरिश हुश्का नावाच्या अभियंत्याच्या पुढाकाराने १९४६ पासून त्या अवशेषांत काचेची आणि दागिन्यांची वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं नोइगाब्लोन्झ, म्हणजे नवं गाब्लोन्झ. काही कुटुंबं ऑस्ट्रियात एन्सच्या आसपास बसली. एका गावच्या धंद्याची दोन गावं झाली आणि दोघांनी पुढची चाळीस वर्षं पोलादी पडद्याच्या दोन बाजूंनी एकाच गिऱ्हाइकाला मणी विकले.

चेक बाजूला धंदा सरकारजमा झाला. निर्यातीचं काम याब्लोनेक्स या सरकारी कंपनीकडे गेलं. भट्टीवरचं काम तेच, निर्यातदार मात्र आता एकच. योजनेप्रमाणे माल निघे, आणि जो खपत नसे तो गोदामात जाई. खासगी मालकाने न खपणारा साचा बाजूला टाकला असता. सरकारी कारखान्याला तशी निकड नव्हती. आज ‘साठच्या दशकातले चेक मणी, न वापरलेले’ असं म्हणून जे जुडगे विकले जातात, त्यांत या गोदामांतल्या मालाचा मोठा वाटा आहे.

वाटेन्सच्या स्वारोव्स्की कंपनीने १९५६ मध्ये क्रिस्तियान दिओरच्या साथीने इंद्रधनुषी झाक असलेला खडा आणला. धातूची अतिसूक्ष्म वाफ काचेवर बसवून ती झाक येते. ‘ऑरोरा बोरिऐलिस’ नावाचा हा प्रकार बघता बघता सगळीकडे पोचला. परिणामी ‘१९३०चा हार’ म्हणून समोर आलेल्या दागिन्यात असे खडे दिसले, तर विकणारा तरी चुकतोय किंवा मध्ये कुणी खडे बदललेत.

जुन्या मालाचं दुसरं मोठं कोठार अमेरिकेत, ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात. नकली दागिन्यांची ही अमेरिकेची राजधानी. ट्रायफारी आणि कोरोसारख्या कंपन्यांचे कारखाने तिथेच होते, आणि त्यांना लागणारे मणी, खडे, पितळी साच्यातली पानं-फुलं पुरवणारे असंख्य छोटे व्यापारी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आशियातून स्वस्त माल येऊ लागला, कारखाने बसले. कुलूप लागलेल्या गोदामांत युरोपातून आणलेले मणी मूळ कागदी पुड्यांत तसेच होते. ते कधी किलोवर, कधी खोलीच्या खोली असे विकले गेले. आजच्या हस्तदागिन्यांच्या चळवळीला कच्चा माल मिळाला तो इथून.

या धंद्यात एक वाद सतत धुमसतो. गोदामातला न वापरलेला मणी घेऊन नवा हार करणं वेगळं आणि धडधाकट जुना हार तोडून त्याचे मणी काढणं वेगळं. सुटे मणी महाग विकले जातात म्हणून सही नसलेले हार सर्रास तोडले जातात. काचमण्याला मोड नव्हती म्हणून तो वाचला. आता व्हिंटेजच्या भावाने त्यालाही मोड आली आहे. जुना हार विकत घेणाऱ्याने तो तुटलेला होता की तोडलेला, एवढं तरी विचारावं.

दुसरी अडचण साच्यांची. पोलादी साचा शंभर वर्षं टिकतो. यिझेरा डोंगरात आजही काही खोपटांत जुन्या साच्यांनी नवे मणी दाबले जातात आणि ते हुबेहूब जुन्यासारखे दिसतात. मग व्हिंटेज म्हणायचं कशाला, साच्याला की काचेला? प्रामाणिक व्यापारी ‘जुन्या साच्यातला नवा मणी’ असं स्पष्ट लिहितात. बाकीचे काही लिहीत नाहीत. ओळखायचं तर भोक बघतात: वर्षानुवर्षं वापरलेल्या मण्याच्या भोकाची कड दोऱ्याने झिजलेली असते. गोदामातल्या मण्याला हीही कसोटी लागू पडत नाही, कारण तो कधी वापरलाच गेलेला नसतो. तिथे मग जुन्या पुड्यावरचा शिक्का, दोऱ्याची जात आणि आता न बनणारा काचेचा एखादा रंग, यांवर निकाल द्यावा लागतो.

याब्लोनेक्सचा कारभार २००९ च्या सुमारास आटोपला आणि बारीक मण्यांचं उत्पादन प्रेसिओसा या चेक कंपनीकडे गेलं. फुंकलेल्या पोकळ मण्यांची शाखा जवळच्या पोनिक्ला गावात तगून आहे. तिथे काचेची नळी ज्योतीवर धरून साच्यात फुंकतात, मण्यांची लांबलचक माळच एका दमात तयार होते, आतून तिला चांदीचा मुलामा देतात आणि मग ती कापतात. लोकवेशांवर शिवण्यासाठी बनणारे हे मणी पुढे नाताळच्या झाडाच्या सजावटीकडे वळले. २०२० मध्ये युनेस्कोने ही सजावट हाताने बनवण्याची कला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. फुंकणाऱ्यांची संख्या मात्र आता फार थोडी आहे, आणि जुन्या नमुन्यांपैकी एखादा पुन्हा करायचा झाला तर आधी त्याचा साचा कुणाच्या माळ्यावर आहे, तिथपासून शोध घ्यावा लागतो.